पोलोन्नरुवची गादी आणि माहेरची माणसं

मंडळी, श्रीलंकेच्या पोलोन्नरुव राज्यात वारसा कसा ठरायचा, असं विचारलं की पुस्तकी उत्तर सोपं आहे. राजामागून त्याचा धाकटा भाऊ. भावांची पिढी सरली की मुलांची पिढी. युवराजाला तिथे उपराज म्हणत. पण या रीतीवर थांबलं तर बाराव्या शतकातली एकही लढाई नीट उलगडत नाही. त्यासाठी लग्नं पाहावी लागतात.

चोळांना हुसकून लावणाऱ्या पहिल्या विजयबाहूने आपली बहीण मित्ता एका पांड्य राजपुत्राला दिली. स्वतः कलिंगाची त्रिलोकसुंदरी केली. सोयरीक दोन्हीकडे उपयोगाची होती, पण तिच्यातून घराण्याला दोन शाखा फुटल्या. बहिणीचे तीन मुलगे पांड्यांकडचे, तर स्वतःचा मुलगा विक्रमबाहू कलिंगाकडचा.

1110 मध्ये विजयबाहू वारला. विक्रमबाहू तेव्हा दूर दक्षिणेत, रोहणात होता. मित्ताने मुलांना, अमात्यांना आणि काही भिक्षूंना हाताशी धरलं, आणि त्याला कळूही न देता राजाचा भाऊ जयबाहू याला गादीवर बसवलं. इथवर सगळं रीतीला धरूनच होतं. रीत मोडली ती उपराजपदाची. ते विक्रमबाहूचं होतं. मित्ताने ते आपल्या थोरल्याला, मानाभरणाला दिलं. ‘चूळवंस’ हा पाली राजवृत्तांत याला स्पष्ट शब्दांत दोष देतो. विक्रमबाहू चालून आला, त्याने राजधानी घेतली, वीसेक वर्षं राज्य केलं. पण विधिवत अभिषेक त्याला कधीच झाला नाही. शिलालेखांत वर्षं मोजली जात राहिली ती जयबाहूच्या नावाने! तलवारीने राजधानी मिळाली, राजवर्ष मिळालं नाही. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट फार बोलकी वाटते.

आता रत्नावली. ही विजयबाहूची मुलगी, विक्रमबाहूची बहीण, आणि लग्न झालं मानाभरणाशी. म्हणजे मामाची मुलगी. आपल्याकडे हे नातं समजावून सांगावं लागत नाही. दोन्ही शाखांचं रक्त तिच्या मुलात एकत्र आलं. तो पराक्रमबाहू. त्याच्या धडाडीचं कौतुक सगळे करतात, करावंच. पण त्याचा हक्क उभा होता तो आईवर, हे आपण फार कमी बोलतो.

विक्रमबाहूच्या मुलाशी, गजबाहूशी, त्याचं युद्ध झालं. शेवटी जो करार झाला तो संगमुव विहारात खडकावर कोरला आहे: दोघांपैकी जो आधी जाईल त्याचं सारं मागे राहील त्याला. वारसा दगडावर लिहून दिला, तरी गजबाहू जाताच त्याच्या अमात्यांनी रोहणातून दुसऱ्या मानाभरणाला, म्हणजे पराक्रमबाहूच्या चुलतभावाला, बोलावून घेतलं. पुन्हा युद्ध. पराक्रमबाहूला अभिषेक झाला 1153 मध्ये. पुढे त्या चुलतभावाची आई सुगला रोहणात बंड करून उठली. बुद्धाचा दंतधातू, म्हणजे अवशेष म्हणून पूजला जाणारा त्याचा दात, तिच्याकडे होता, आणि ज्याच्याकडे दंतधातू त्याचं राज्य, ही तिथली भावना. तो परत मिळेपर्यंत पराक्रमबाहूच्या सैन्याला रोहणात झुंजावं लागलं.

1186 मध्ये पराक्रमबाहू गेला. मागून बहिणीचा मुलगा आला. वर्षभरात त्याचा खून झाला. मग कलिंगाचा निश्शंकमल्ल. आपल्यामागे कोण राजा व्हावा याची त्याला इतकी काळजी, की गोवी म्हणजे शेतकरी जातीच्या माणसाने गादीची हाव धरणं म्हणजे कावळ्याने हंसाची नक्कल करणं, असं त्याने शिलालेखात कोरून ठेवलं. त्याच्या पाठोपाठ बसलेला मुलगा एका दिवसात मारला गेला.

नंतरच्या धुमाळीत पराक्रमबाहूची विधवा लीलावती तीनदा गादीवर बसली, दर वेळी कुणातरी बलवान सरदाराच्या आधाराने. तिची तांब्याची नाणी सापडतात. एका बाजूला उभी आकृती, दुसऱ्या बाजूला बसलेली, शेजारी नागरी अक्षरं: ‘श्री राज लीलावती’. लिपी जुनी असली तरी आपल्यातल्या कुणालाही ती थोड्या प्रयत्नाने लावता येईल. 1212 मध्ये तिला काढलं ते एका पांड्याने, आणि 1215 मध्ये त्या पांड्याला काढलं ते कलिंगाहून आलेल्या माघाने.