आराखड्यातल्या रिकाम्या जागा

[दृश्य: विद्यापीठाच्या मुख्य इमारतीचा व्हरांडा. टेबलावर दोन जाडजूड दस्तऐवज.]

महाराष्ट्रात विद्यापीठाचा आराखडा म्हटलं की दोन वेगवेगळे कागद पुढ्यात येतात. बैठकीला बसलेल्यांचीही त्यात गल्लत होते.

पहिला बृहत आराखडा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार तो दर पाच वर्षांनी करावाच लागतो. 2019 ते 2024 चा संपला, आता 2024 ते 2029 चा चालू आहे. दुसरा संस्थात्मक विकास आराखडा. त्याचा आग्रह राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने धरला, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी 2024 मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं दिली. पहिल्यात प्रश्न असतो, नवीन महाविद्यालय कुठे हवं. दुसऱ्यात, आपल्याच विभागांत पुढे काय शिकवायचं, कशावर संशोधन करायचं आणि त्यासाठी माणसं, पैसा कुठून आणायचा.

[दृश्य: जिल्ह्याचा नकाशा, त्यावर तालुक्यांची नावं.]

बृहत आराखडा अधिष्ठाता मंडळ, म्हणजे विद्याशाखांच्या प्रमुखांचं मंडळ, तयार करतं. तो विद्यापरिषद, व्यवस्थापन परिषद, अधिसभा अशा पायऱ्या चढून मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य उच्च शिक्षण व विकास आयोगाकडे, म्हणजे 'माहेड'कडे जातो. त्यातला कळीचा शब्द आहे बिंदू. कुठला तालुका, कुठलं गाव, कुठली विद्याशाखा, हे ठरलं की झाला एक स्थळबिंदू. संस्थाचालक सप्टेंबरअखेर इरादापत्रासाठी, म्हणजे नव्या महाविद्यालयाला शासनाच्या प्राथमिक संमतीसाठी, अर्ज करतात, तो या बिंदूच्या आधारावर. छाननी होऊन प्रस्ताव 30 नोव्हेंबरपर्यंत शासनाकडे जायचा आणि 31 जानेवारीपर्यंत इरादापत्र यायचं, असं कायद्याचं वेळापत्रक आहे.

बिंदू चुकतो तो बहुतेक वेळा सर्वेक्षणात. तालुक्यात बारावी किती झाले, हे सगळे मोजतात. पण शेजारच्या महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या किती जागा रिकाम्या राहिल्या, ते मोजायला कुणी जात नाही. अंतराचंही तसंच. गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी झालं. गडचिरोली शहरापासून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या आसपास. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. अशा ठिकाणी नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले किलोमीटर कामाचे नाहीत. मुलगी सकाळी कुठल्या एसटीने निघणार आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे सर्वेक्षणाच्या नमुन्यात लिहून घ्यावं लागतं.

[दृश्य: विभागाचा पॅसेज. दारांवरच्या नावांच्या पाट्या, काही कोऱ्या.]

आता दुसरा आराखडा. यात हमखास एक वाक्य सापडतं: 'पाच वर्षांत पीएचडीधारकांची संख्या दुप्पट करणे.' हे वाक्य लिहिणाऱ्याने विद्यापीठ अनुदान आयोगाची 2022 ची पीएचडी नियमावली शेजारी ठेवली होती का, ते दोन मिनिटांत तपासता येतं.

नियमावली सांगते की प्राध्यापकाला एका वेळी आठ विद्यार्थी घेता येतात, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार. दहा मंजूर पदांचा एक विभाग धरू. एक प्राध्यापक, दोन सहयोगी, सात सहायक. आठ, अधिक बारा, अधिक अठ्ठावीस. सगळे गाइड म्हणून पात्र आहेत असं मानलं, तर अठ्ठेचाळीस जागा.

आता यातले प्राध्यापक निवृत्त झाले आणि पद भरलं गेलं नाही. एक सहयोगी आणि तीन सहायक पदंही रिक्त. उरल्या सहा अधिक सोळा, बावीस जागा. पाचच पदं रिकामी झाली, पण संशोधनाच्या जागा निम्म्याहून खाली आल्या. तासिका तत्त्वावरच्या किंवा कंत्राटी शिक्षकांनी वर्ग सांभाळले तरी ही तूट भरत नाही, कारण गाइड कायम शिक्षकच लागतो.

अजून एक मेख आहे. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील, तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. आपल्याकडे निवृत्तीचं वय साठ. म्हणजे सत्तावन्न ओलांडले की त्या टेबलावर नवा अर्ज येणं बंद. आराखडा पाच वर्षांचा, म्हणून पहिल्या दिवशी पंचावन्न वर्षांचे असलेले प्रत्येक शिक्षक त्याच्या मुदतीतच साठी गाठणार. आस्थापना विभागाकडे ही जन्मतारखांची यादी तयारच असते. ती आराखडा समितीच्या पहिल्या बैठकीत हवी. प्रत्यक्षात ती मागितली जाते जाहिरात काढायची वेळ आल्यावर.

आणि जाहिरात म्हणजे एका सहीचं काम नव्हे. कार्यभार काढायचा, आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात, पद दाखवायचं, शासनाची ना-हरकत मिळवायची, बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायची. (हा बिंदू वेगळा, आरक्षणाचा: कुठलं पद कुठल्या प्रवर्गासाठी, हे सांगणारा.) त्यानंतर जाहिरात, छाननी, निवड समिती. बिंदुनामावलीत एक ओळ चुकली तरी फाइल मागे फिरते. भरतीची ही साखळी आराखड्याच्या पहिल्या वर्षात सुरू केली नाही, तर पीएचडीचा आकडा शेवटच्या वर्षी गाठणं गणितातच बसत नाही. चार वर्षांच्या पदवीचंही तेच. संशोधनासह ऑनर्सचं चौथं वर्ष चालवायला विभागात मान्यताप्राप्त गाइड असलेले किमान दोन कायम शिक्षक लागतात.

[दृश्य: उपकरण केंद्र. स्टीलचं उंच नळकांडं, वरच्या झडपेतून पांढरी वाफ.]

हे एनएमआर यंत्र. रेणूची रचना ओळखण्यासाठी रसायनशास्त्रात याला तोड नाही. आतल्या चुंबकाची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये बुडालेली असतात, उणे 269 अंश सेल्सिअसला. हेलियमच्या बाहेर द्रव नायट्रोजनचं कवच. हा चुंबक संध्याकाळी कुलूप लावताना बंद करायची वस्तू नाही. तो रात्रंदिवस चालूच असतो. नायट्रोजन साधारण आठवड्याला भरावा लागतो, हेलियम काही महिन्यांनी. भिंतीवरच्या वहीत पातळीची नोंद रोज. हेलियम बहुतांशी आयात होतो. त्याची ऑर्डर लेखा विभागात अडकली आणि पातळी खाली गेली, तर चुंबक अतिसंवाहकता, म्हणजे विरोधाशिवाय वीज वाहून नेण्याची क्षमता, गमावतो, उरलेला हेलियम काही मिनिटांत उकळून खोलीत पसरतो आणि आतला प्राणवायू कमी होतो. दुरुस्ती महागडी, आणि यंत्र कित्येक आठवडे बंद.

आराखड्यात मात्र ओळ असते: 'अत्याधुनिक उपकरण खरेदी', आणि पुढे एक रक्कम. ती ओळ फोडून सहा ओळी करायला हव्यात. यंत्राची किंमत. खोली, म्हणजे वातानुकूलन, स्वतंत्र अर्थिंग आणि कंपनं न पोचणारी जमीन. यूपीएस. वॉरंटी संपल्यानंतरचा देखभाल करार. हेलियम-नायट्रोजन. आणि चालवणारा तंत्रज्ञ. पाच कोटींच्या यंत्राला देखभालीचे वर्षाला पाच टक्के धरले तरी पंचवीस लाख होतात, आणि ते दरवर्षी लागतात. केंद्राच्या पीएम-उषा योजनेत निवडक विद्यापीठांना शंभर कोटींपर्यंतचं अनुदान मंजूर झालं. त्यातून इमारत उभी राहते, यंत्र येतं. हेलियमचं बिल पाचव्या वर्षी कोण भरणार, याचं उत्तर विद्यापीठाच्या स्वतःच्या अर्थसंकल्पात शोधावं लागतं. नमुना तपासणीचे दर ठरवून, यंत्र आय-स्टेम या सामायिक उपकरणांच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदवून बाहेरच्या संशोधकांना आणि उद्योगांना खुलं केलं, तर थोडा भार हलका होतो. मार्चएंडला घाईने घेतलेली यंत्रं पाहायची असतील, तर कुठल्याही जुन्या विभागाच्या जिन्याखाली पाहावं. खोकी अजून फोडलेली नसतात.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर शोधनिबंधांची यादी.]

मोजमापाकडे वळू. नॅक या मूल्यांकन परिषदेच्या विद्यापीठांसाठीच्या हजार गुणांच्या चौकटीत संशोधन आणि विस्ताराला 250 गुण दिले गेले, इतर कुठल्याही निकषापेक्षा जास्त. एनआयआरएफ, म्हणजे केंद्राची संस्थांची क्रमवारी, शोधनिबंध मोजताना स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या शोधनिबंध-सूचींची आकडेवारी घेते. इथे नुकसान होतं ते फालतू कारणाने. लेखक विद्यापीठाचं नाव मनाला येईल तसं लिहितात. पुण्याचं उदाहरण घ्या: 1949 मध्ये इंग्रजी नावात 'पूना', मग 'पुणे', आणि 2014 पासून सावित्रीबाई फुले यांचं नाव. एकेकाने वेगळं रूप, वेगळा संक्षेप वापरला, की निबंध वेगवेगळ्या खात्यांवर जातात. उपाय बिनखर्ची आहे. नावाचं एकच अधिकृत इंग्रजी रूप ठरवून परिपत्रक काढायचं, प्रत्येक शिक्षकाकडून ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक घ्यायचा, आणि ग्रंथालयातल्या एका माणसाला तिमाही पडताळणीचं काम नेमून द्यायचं. आणि हो, 'केअर यादीतील निबंध वाढवणे' असं उद्दिष्ट अजून आराखड्यात असेल तर ते काढा. मान्य नियतकालिकांची ती यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 मध्ये बंद केली.

[दृश्य: अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष. भिंतीवर मोठा तक्ता.]

अंमलबजावणीच्या तक्त्यात पाच रकाने पुरतात. काम, जबाबदार पद, मुदत, लेखाशीर्ष, पुरावा. जबाबदार पदाच्या रकान्यात 'सर्व विभागप्रमुख' लिहिलं, की ते काम कुणाचंच राहत नाही. लेखाशीर्षाचा, म्हणजे खर्च कुठल्या खात्यातून याचा, रकाना कोरा असेल तर ते काम अधिसभेसमोरच्या अर्थसंकल्पात नाही, म्हणजे यंदा होणार नाही. पुरावा म्हणून 'प्रक्रिया सुरू' चालत नाही. इतिवृत्ताचा ठराव क्रमांक, नियुक्तीपत्राची तारीख किंवा निधी ठरल्या कामावर खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र लागतं. ते प्रमाणपत्र वेळेत गेलं नाही तर प्रकल्पाचा पुढचा हप्ता थांबतो, आणि प्रकल्पावरच्या संशोधन सहायकाचं मानधनही.

या तक्त्यातली एक ओळ जवळून पाहू. काम: प्राध्यापक पद, एक. जबाबदार: कुलसचिव. लेखाशीर्ष: वेतन. पुराव्याच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलंय, 'बिंदुनामावली तपासणीसाठी पाठवली.' मुदतीच्या रकान्यात आधीची तारीख खोडून नवी टाकली आहे. पाटीवर जुनं नाव अजून तसंच आहे, आणि आतल्या टेबलाशी आठ पीएचडी विद्यार्थ्यांची जागा.