डांबर पडलं तो दिवस

नमस्कार, श्रोतेहो.

पालिका काय करते असं कोणी विचारलं, तर आपलं उत्तर तयार असतं. कचरा उचलते, घरपट्टी घेते आणि रस्ते खराब ठेवते. पहिल्या दोन गोष्टी मान्य. तिसरीवर आज बोलायचं आहे, कारण तुमच्या दारातला रस्ता पालिकेचाच आहे का, इथपासूनच घोळ सुरू होतो.

गोव्यात महानगरपालिका एकच, पणजीची. म्हापसा, मडगाव, फोंडा, डिचोली, साखळी, काणकोण या सगळ्या नगरपालिका, १९६८च्या कायद्याखाली चालणाऱ्या. १९९२ साली ७४वी घटनादुरुस्ती झाली. शहरांनी सांभाळावेत असे १८ विषय तिने बाराव्या अनुसूचीत घातले. रस्ते आणि पूल त्यात आहेत, पाणीपुरवठाही आहे. कागदावर आहेत. आपल्याकडे वीज आणि पाणी सरकारी खात्यांकडे, मलनिस्सारणासाठी महामंडळ वेगळं, मोठे रस्ते साबांखाकडे, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. पालिकेच्या वाट्याला येतात आतले रस्ते, गटारं, बाजार आणि कचरा. म्हणजे वरचं डांबर एकाचं, खालचा पाईप दुसऱ्याचा, बाजूची केबल तिसऱ्याची. खड्डा मात्र आपला.

आता ठेका. पालिकेकडे रस्ता करायला ना स्वतःचा हॉटमिक्स प्लांट, म्हणजे खडी-डांबर गरम मिसळायचा कारखाना, ना रोलर, ना माणसं. मग निविदा निघते, कमी दराच्या ठेकेदाराला काम मिळतं, तो डांबर घालतो. यात वाईट काहीच नाही. जगभर असंच चालतं. पण एक वाक्य लक्षात ठेवा, मी ते पुन्हा सांगणार आहे. काम ठेक्यावर जातं, जबाबदारी ठेक्यावर जात नाही.

मिक्सर घेतला की वॉरंटी कार्ड आपण कपाटात जपून ठेवतो ना? रस्त्यालाही ते असतं. दोष दायित्व कालावधी म्हणतात, कार्यालयात नुसतं डीएलपी. करारात जितकी वर्षं लिहिली असतील तितकी वर्षं रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. त्याची काही रक्कम तोवर ठेव म्हणून अडकलेली असते. हा काळ मोजायचा तो काम पूर्ण झाल्याच्या तारखेपासून. काम पूर्ण झाल्यापासून, श्रोतेहो, नारळ फोडल्यापासून नव्हे.

नारळाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. दोनशे मीटर हॉटमिक्सला शुभारंभ, त्याला मंडप, त्याला माईक, आणि फोटोत आमदारांच्या मागे उभं राहायला रेटारेटी. डांबर गरम असतं तेव्हा तिथे यातलं एकही माणूस नसतं. पेव्हर ब्लॉकबद्दलचं माझं मत तर विचारूच नका. सहा महिन्यांत ते डुलायला लागतात आणि पावसात पाय ठेवला की खालचं पाणी थेट पँटवर. असो.

तर, एका शहरातली गोष्ट. नाव घेत नाही, माणसं ओळखीची आहेत. बाजाराकडे जाणारी अरुंद गल्ली, तिच्या वळणावर खड्डा. श्रावणात पाणी भरलं की त्याची खोली कळत नसे. पहाटे पदेर, म्हणजे पाववाला, पों पों करत यायचा, वळणावर उतरून सायकल हातात धरायचा. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आलेली. गणपतीवर बांधायच्या माटोळीची फळं-पानं, नारळाच्या पेंडी, डोक्यावर गणपतीचा पाट, सगळं याच वाटेने येणार. कोणीतरी खड्ड्यात चिऱ्याचे तुकडे टाकले. दोन दिवसांत गाड्यांनी ते भिरकावून गटारात घातले, गटार तुंबलं, आणि पाणी आणखी साचलं.

लोक गेले कार्यालयात. पहिल्या कार्यालयात सांगितलं, हा रस्ता आमचा नाही. दुसऱ्यात सांगितलं, रस्ता आमचा, पण पाईपवाल्यांनी खणला, त्यांना विचारा. पाईपवाले म्हणाले, आम्ही खणला त्याचे पैसे भरलेत, बुजवायचं काम रस्तेवाल्यांचं. फिरून सगळे परत दुसऱ्या कार्यालयात. तिथल्या कारकुनाने फाईल काढली, कार्यादेशाची, म्हणजे काम सुरू करायच्या आदेशाची, तारीख पाहिली आणि म्हणाला, "ठेकेदाराची तीन वर्षं मे महिन्यातच संपली. आता नवीन निविदा." नवीन निविदा म्हणजे पुढची चवथ.

वाड्यावरचे एक मास्तर जोरात. त्यांनी शुभारंभाचं कात्रण आणलं. मे महिना, नारळ, हार, सगळं फोटोत. कारकून खूष. "बघा, मीही मे महिनाच म्हणतोय." मास्तरांनी स्वतःच पुरावा नेऊन दिला होता!

मागे बाकावर गल्लीतले टेलरमामा बसले होते. ते आले होते फक्त दुकानाचा परवाना नूतनीकरणाला. ते म्हणाले, "मेमध्ये नारळ फुटला, पण डांबर कुठे पडलं? पाऊस आला नि रोलर गेला. डांबर पडलं दिवाळीनंतर." कारकून म्हणाला, "मामा, असं कसं लक्षात राहील?" मामा काही बोलले नाहीत. दुकानातून वही घेऊन आले. लांब, जाड पुठ्ठ्याची, मापांची वही. त्यात एका पानावर छाती, कंबर, बाहीच्या आकड्यांखाली लिहिलेलं, ब्लाऊज तीन नग, लग्नाचे, आणि कडेला पेन्सिलीने, "डांबर, गल्ली बंद, उद्या देणे". त्याखाली तारीख. नोव्हेंबरची.

लग्नाचे ब्लाऊज एक दिवस उशिरा गेले होते. त्या बाईंनी मामांना जे ऐकवलं, ते मामा आजही विसरलेले नाहीत. तारीख विसरणं शक्यच नव्हतं.

शिंप्याच्या वहीला सरकारी किंमत शून्य. पण आतल्या टेबलावरची कनिष्ठ अभियंता मुलगी हे सगळं ऐकत होती. तिने मोजमाप वही मागवली. रस्त्याची लांबी, रुंदी, थराची जाडी लिहितात ती वही, जिच्यावरून बिल निघतं. पान उघडलं. नोंद नोव्हेंबरची. मामांच्या तारखेनंतर दोन दिवसांनी मोजमाप घेतलेलं! म्हणजे तीन वर्षं संपायला अजून अडीच-तीन महिने होते आणि ठेव अजून पालिकेकडेच होती. तिने त्याच दुपारी ठेकेदाराला पत्र काढलं.

पावसात डांबर धरत नाही. मिश्रण साधारण दीडशे अंशांवर तापलेलं हवं आणि खालचा पृष्ठभाग कोरडा. म्हणून चवथीपुरता खड्डा काँक्रीटने बुजवला. दसऱ्यानंतर ठेकेदाराची माणसं आली आणि काम नीट झालं. खड्ड्याच्या कडा चौकोनी कापल्या, सैल खडी आणि माती झाडून काढली, आत पातळ डांबराचा हात मारला, मग मिश्रण आणि वर रोलर. मामा दुकानाच्या पायरीवर उभे राहून बघत होते. त्या दिवशी त्यांनी कोणतंही गिऱ्हाईक घेतलं नाही.

काम ठेक्यावर जातं, जबाबदारी ठेक्यावर जात नाही. पण ती मागायला तारीख लागते, आणि तारीख कार्यालयात असते. केंद्राचा माहिती अधिकार कायदा २००५चा, पण गोव्याने स्वतःचा असा कायदा १९९७मध्येच केला होता. आपण त्यात पुढे होतो, हे आपणच विसरलो. माहिती अधिकाराच्या अर्जात तीनच गोष्टी विचारा. रस्ता कोणत्या खात्याचा, काम पूर्ण झाल्याची तारीख कोणती, आणि डीएलपी किती वर्षांचा. उत्तर तीस दिवसांत यायला हवं. पुन्हा सांगतो, कोणाचा, कधी पूर्ण, किती वर्षं.

गटारांबद्दल बोलायचं राहिलंच. डांबराचा खरा शत्रू पाणी. भेगेतून ते आत शिरतं, खालची खडी सैल होते, वरून चाक गेलं की तुकडा सुटतो. तरीही रस्त्याचा ठेका एकाला आणि गटार उपसण्याचा दुसऱ्याला. मग रस्तेवाला म्हणतो गटार तुंबलं होतं, आणि गटारवाला म्हणतो मी मे महिन्यात साफ केलं होतं. तुमच्या नगरसेवकाला भेटलात तर दोन्ही कामं एकाच ठेक्यात का घालत नाहीत, एवढं जरूर विचारा. आमच्याकडे मी विचारलं, तेव्हा चहा मागवला गेला.

वेळ झाली. नमस्कार.