न्हाणीवरचा पिंगळा

रामराम मंडळी, नमस्कार. सध्या पक्षी सप्ताह सुरू आहे. ५ नोव्हेंबर हा जंगल अन् पक्ष्यांवर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अलींचा, म्हणून २०२० पासून आपल्या राज्यात हा आठवडा पक्ष्यांसाठी ठेवलाय. चितमपल्ली सर नवेगावबांधला राहिले, तिथल्या तळ्याकाठी पक्षी पाहिले, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली अन् त्याच वर्षी जूनमध्ये गेले. आपल्याकडे त्यांचं नाव घेतलं की लोकांना जंगल आठवतं, तलाव आठवतात. मला मात्र आज गावातल्या पक्ष्यांबद्दल बोलायचंय, आपल्या गल्लीतल्या, अन् त्याहून जास्त गल्लीतल्या माणसांबद्दल, कारण गावात दुर्बीण घेऊन उभं राहिलं की पक्षी नंतर दिसतो, माणसं आधी जमतात.

मी शाळेत शिकवतो, वर्धा नदीकाठच्या एका गावात. रविवारी सकाळी आजूबाजूच्या गावांत पक्षी पाहत फिरतो. जंगलात जायची गरजच पडत नाही हो. कडूनिंबावर तांबट टुक टुक करत असतो, तारेवर कोतवाल अन् वेडा राघू, उकिरड्यावर सातभाई भांडत असतात, मंदिराच्या कळसावर भांगपाडी मैना, अन् एखाद्या घराच्या मीटरच्या डब्यात चिमणीनं काड्या भरलेल्या असतात, कारण कवेलू गेले अन् स्लॅब आले तसं तिला घर करायला जागाच उरली नाही. एका सकाळी नुसत्या गावठाणात वीसेक जातीचे पक्षी सहज होतात.

तर झालं असं की, फेब्रुवारीत चार दिवस जगभरातले लोक आपापल्या अंगणातले पक्षी मोजतात, भारतातले लोक २०१३ पासून त्यात आहेत. त्यातल्या रविवारी मी शेजारच्या गावात गेलो. तिथं एक पडका वाडा आहे, त्याच्या विटांच्या भिंतीत मोठं भोक, अन् त्या भोकात पिंगळा, म्हणजे लहानसं घुबड, बसलेला. साळुंकीएवढा, अंगावर पांढरे ठिपके, पिवळे डोळे, अन् आपल्याकडे पाहून मान वर-खाली करतो तो. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहून राहिलो होतो. दुर्बिणीचं एक असतं, डोळ्याला लावली की त्या गोलातलंच दिसतं, बाकीचं गाव गायब होतं. त्या भोकाच्या बरोबर खाली, टिनाचे पत्रे लावून केलेली एका घरची न्हाणी होती, वरून उघडी. ती मला दिसलीच नाही.

एक बाई बादली घेऊन बाहेर आली अन् ओरडली, "ओ भाऊ, आमच्या न्हाणीकडं कायले पायता?"

दोन मिनिटांत पंधरा-वीस माणसं. पोरांनी मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. एक म्हणे मोजणीवाला व्हय, दुसरा म्हणे लाईनवाले आकडे पकडाले आले, मागून कोणीतरी पोरं पळवणाऱ्याचं बोललं अन् माझे हातपाय थंड पडले. कारण १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला काय झालं ते मला आठवलं. पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी पाच माणसं, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेपायी जमावानं जिवानिशी मारली. मी काय सांगत होतो ते कोणी ऐकत नव्हतं.

पण मंडळी, त्या दिवसानंतर मी खूप विचार केला अन् मला एक पटलं. त्या बाईचं शंभर टक्के बरोबर होतं. तिच्या जागी माझी बहीण असती तर मी काय केलं असतं? अन् बाकीच्यांचंही काही वावगं नव्हतं. समृद्धी महामार्ग आपल्या वर्धा, अमरावती भागातून गेला, त्याच्या आधी अशीच शहरी कपड्यातली माणसं यंत्रं डोळ्याला लावून वावरात उभी राहायची, अन् मग नोटीस यायची. ज्याची जमीन त्यात गेली तो दुर्बीणवाल्याकडे प्रेमानं कसा पाहील?

त्या गर्दीतून मला सोडवलं ते त्या बाईच्या सासूनं. आजी पुढं आल्या, म्हणाल्या, "काय पायतं म्हणते हा, दाखव मले." मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. त्यांना चष्मा होता, अन् चष्मेवाल्याला दुर्बीण देताना डोळ्याजवळचे रबराचे कप फिरवून खाली करावे लागतात, नाही तर मधात लहानसा गोल अन् भोवती नुसता काळा अंधार दिसतो. ते केलं, दुर्बिणीचा पट्टा त्यांच्या गळ्यात घातला, अन् म्हटलं आजी, हळूहळू मधलं चाक फिरवा. आजी बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "माय वो! हे तं आपलं पिंगळं व्हय! डोये पाय कसे पिवये हायेत!" त्यांचे हात थरथरत होते तरी दुर्बीण सोडेनात. मग सुनेनं पाहिलं, मग पोरांची रांग लागली. पोलीस पाटील आले तोवर चहा मांडला होता.

अन् चहा पिता पिता आजी सांगत होत्या, हा जोडा इथं किती वर्षांपासून आहे, संध्याकाळी कोणत्या तारेवर येऊन बसतो, अंगणातला उंदीर कसा उचलतो. पहाटे कंदील अन् कुडमुडं घेऊन भविष्य सांगत येणारा पिंगळा जोशी याच पाखराची भाषा समजतो म्हणतात, तेही त्यांनीच सांगितलं. मी त्यांना रानपिंगळ्याचं सांगितलं, याचाच जंगलातला भाऊ, ११३ वर्षं कोणाला दिसला नव्हता, संपला असंच समजत होते, १९९७ मध्ये नंदुरबारकडे शहाद्याच्या जंगलात सापडला अन् नंतर आपल्या मेळघाटातही. आजी म्हणाल्या, मंग आमच्यावाल्याले आम्ही सांभाळतो.

आता मी कुठल्याही गावात गेलो की पहिले पारावर बसतो, रामराम घालतो, पोलीस पाटलाला सांगतो, पक्ष्यांच्या चित्रांचं पुस्तक उघडं ठेवतो. दुर्बीण बॅगेतून नंतर काढतो. घराकडे पाठ करून उभा राहतो. पहाटे नाल्याकडे बाया जातात, तिकडं उन्हं वर आल्याशिवाय जात नाही. मिलिटरीसारखे ठिपक्या-ठिपक्यांचे कपडे घालत नाही, अन् लहान पोरांना चॉकलेट वाटणं तर अजिबात नाही, कितीही प्रेम आलं तरी. कोणी विचारलं तर आधी उत्तर, मग पक्षी, मग तो उडून का जाईना.

एक गोष्ट मात्र मला खुपते, ती बोलतोच. माझ्यासोबत बारावीतला एक पोरगा येतो, पारधी बेड्यावरचा. त्याची नजर माझ्याहून कितीतरी तेज, तित्तर कुठं दडला हे तो नुसत्या गवताच्या हलण्यावरून सांगतो. दुर्बीण तीच, गाव तेच. मला विचारतात सर चहा घेता का, अन् त्याला विचारतात तू कोणाचा, कुठचा, पिशवीत काय आहे, उघडून दाखव. बाईनं न्हाणीवरून विचारलं ते वेगळं अन् हे वेगळं. हे जातीवरून आहे. त्या पोराची वही पाहा एकदा, तारीख, वेळ, झाड, पक्षी काय करत होता, सगळं टिपलेलं. म्हणून आता गावात शिरलो की मी त्याच्या हातात दुर्बीण देतो अन् लोकांना सांगतो, हे आमचे पक्षीवाले, मी यांच्यासोबत आलोय.

मार्चमध्ये मी परत त्या वाड्याकडे गेलो. आजी दारातच बसल्या होत्या. म्हणाल्या, परवा मोटारसायकलवर दोन जण आले होते, घुबड कुठं बसते म्हणून विचारत होते. तुम्हाला माहीत आहे, काळ्या जादूच्या नावाखाली घुबडं पकडतात, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे तरी. म्हणून घरट्याचा फोटो मी कुठं टाकत नाही अन् गावाचं नावही तुम्हाला सांगितलं नाही. मी विचारलं, मग तुम्ही काय केलं आजी?

"काय करतो, इचारलं. कोन गावचे, कोनाचे, कायले पायता, पाटलाले सांगतलं का? दोघंही गाडीले किक मारून पयाले." अन् भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "दुर्बीण काढ आता, तीन पिल्लं हायेत."