पंपेचं पाणी, पंपेची वाळू

[दृश्य: नारळ तासणारे हात, जवळून]

शेंडी आधीच काढलेली. आता पातीने करवंटी तासायची, बोट फिरवलं तर कुस लागणार नाही इतकी गुळगुळीत. तीन डोळ्यांपैकी मऊ डोळा एकच असतो, भोक तिथंच पाडायचं. पाणी ओतून टाकलं की नारळ उपडा ठेवून पूर्ण निथळू द्यायचा. इथे घाई नडते: आत ओलावा राहिला तर वाटेत खोबरं आंबतं आणि तुपाला वास येतो. तूप कोमट आणि पातळ हवं. थिजत आलेलं तूप भोकात अडतं, खाली हवा राहते, आणि वरून भरलेला दिसणारा नारळ निम्माच भरतो. मग लाकडी बूच, त्यावर मेण किंवा ओल्या पापडाचा लेप. गळका नारळ डोंगर चढताना कळतो, डोक्यावरून ओघळ आल्यावर.

हा नेय्यतेंगा. नेय्य म्हणजे तूप, तेंगा म्हणजे नारळ. केरळात पंपा नदीच्या वरच्या डोंगरावर शबरीमला, तिथल्या अय्यप्पाला हे तूप न्यायचं.

[दृश्य: पंपा गणपतीच्या देवळात इरुमुडी बांधताना]

पिशवी एकच, कप्पे दोन. पुढच्या कप्प्यात देवाचं: तुपाचा नारळ, तांदूळ, गूळ, हळद, विड्याची पानं. मागच्यात यात्रेकरूची स्वतःची शिदोरी. दोन गाठोडी म्हणून इरुमुडी. भरण्याच्या विधीला केट्टुनिरा म्हणतात. तो बहुतेक जण आपल्या गावच्या देवळात गुरुस्वामींच्या, म्हणजे अनेक वाऱ्या केलेल्या जुन्या यात्रेकरूच्या, हातून करून निघतात, आणि ज्यांचं राहिलं त्यांची सोय इथे पंपेकाठी होते. कापूर, अगरबत्ती आणि प्लास्टिकची पाकिटं आणू नका असं देवळाचा कारभार पाहणारं देवस्वम मंडळ सांगत असतं. वर ती वापरली जात नाहीत, नुसता कचरा होतो. तरी पुष्कळ पिशव्यांतून त्या निघतातच.

४१ दिवसांचं व्रत, काळे किंवा निळे कपडे, गळ्यात माळ. वारीत जसा प्रत्येक जण माउली, तसा इथे प्रत्येक जण स्वामी. मुलगा बापाला स्वामी म्हणतो, पोलीस यात्रेकरूला स्वामी म्हणतो.

[दृश्य: नीलिमलाची चढण, पहाट]

पंपेपासून सन्निधान, म्हणजे वरचं देऊळ, सुमारे ५ किलोमीटर. अंतर फार नाही, पण नीलिमला आणि अप्पाच्चिमेडू या दोन चढणी छातीवर येतात. व्रताचे दिवस अनवाणी चालून काढलेला माणूस सावकाश चढतो. थेट बसमधून उतरून, पोटभर जेवून धावत सुटलेला इथे बसकण मारतो. या दोन्ही ठिकाणी हृदयरोगाची उपचार केंद्रं आहेत, ती उगाच नाहीत.

इरुमुडी डोक्यावर असेल तरच १८ पायऱ्या चढता येतात, नसेल तर बाजूच्या वाटेनं दर्शन. वर नारळ फोडतात, तूप भांड्यात गोळा करून अभिषेकाला देतात, त्यातलं थोडं प्रसाद म्हणून परत मिळतं. करवंटीचा अर्धा तुकडा पायऱ्यांजवळच्या आळीत, म्हणजे अखंड पेटत्या कुंडात जातो. तुपाचा अभिषेक दुपारपूर्वी आटोपतो. उशिरा पोचलेल्याला वर मुक्काम करावाच लागतो, आणि सन्निधानातली निम्मी गर्दी याच हिशेबाची असते. पायऱ्यांपलीकडे कॅमेरा नाही.

[दृश्य: त्रिवेणी, नदीचं पात्र]

खाली नदी. ऑगस्ट २०१८ च्या पुरात पंपेकाठच्या त्रिवेणीवरच्या इमारती गेल्या, पात्र वाळूने भरलं. तेव्हापासून गाड्यांचा मोठा तळ निलक्कलला हलला आणि तिथून राज्य परिवहनच्या बस एकीमागे एक सुटतात. स्नानानंतर कपडे नदीत सोडणं हा विधी नाही. उच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली आहे, आणि आपण पाहतोय ते लुगड्या-लुंग्यांचे पिळे त्यानंतरचेच आहेत.

[दृश्य: वाळवंट, बांबूंचे ढीग]

फेब्रुवारी. तीच पंपा, पथनमथिट्टा जिल्ह्यातच, पण खाली कोळंचेरीजवळ. पाणी एका काठाला सरकलंय आणि मारामनच्या बाजूला वाळू उघडी पडली आहे. पंढरपूरच्या माणसाला वाळवंट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही.

मार्च १८९५ पासून इथे मारामन कन्व्हेन्शन भरतं. मारथोमा चर्चच्या सुवार्ता संघाचा हा मेळा, रविवार ते रविवार आठ दिवस. लाखभर माणसं मावतील असा मांडव, आणि तो दर वर्षी नव्याने उभा राहतो, कारण पावसाळ्यात ही जमीनच नसते.

खांब कोरड्या वाळूत ठरत नाही, हलवला की भोक रुंद होतं. ओली वाळू लागेपर्यंत खणायचं. ती खांब धरून ठेवते. वर बांबूंचा सांगाडा, त्यावर झापं. कोकणात विणतात तशीच: झावळ मधोमध चिरायची, पाण्यात भिजत घालायची, पाती लवचीक झाली की एकाआड एक गुंतवायच्या, मग वाळवायची. भिजवणं कमी झालं तर पाती विणताना तुटते, जास्त झालं तर कुजते. झापं पागोळीकडून शेंड्याकडे चढवत नेतात, वरची खालचीवर येईल अशी. पत्रा सोपा पडला असता, पण फेब्रुवारीच्या उन्हात पत्र्याखाली दुपारचं प्रवचन ऐकणं शक्य नाही, आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज पत्र्यावर आदळून घुमतो. झाप आवाज पिते. खाली वाळूवरच बसायचं, कीर्तनाला बसावं तसं.

पलीकडच्या काठावरून यायला तात्पुरते पूल.

[दृश्य: चेरुकोलपुळाचा मांडव]

तीन-चार वळणं वर, चेरुकोलपुळाला, तशीच वाळू, तसाच मांडव. ही हिंदू धर्म परिषद, १९१३ साली समाजसुधारक संत चट्टंबी स्वामींच्या प्रेरणेने सुरू झालेली. हीसुद्धा फेब्रुवारीत, हीसुद्धा आठ दिवसांची. प्रवचनं गीतेवर आणि उपनिषदांवर, पण खांब रोवायची रीत तीच. वाळूला दुसरी रीत चालत नाही.

वाळू मात्र बरीच गेली. घरं बांधायला वर्षानुवर्षं उपसली, २००१ चा कायदा येईपर्यंत पात्र खोल गेलं होतं, आणि मांडवाची जागा आक्रसली.

[दृश्य: परुमला, चर्चचा ध्वजस्तंभ]

नदीच्या आणखी खालच्या अंगाला परुमला. इथे गीवर्गीस मार ग्रेगोरिओस या बिशपांची समाधी आहे. २ नोव्हेंबर १९०२ ला त्यांचं निधन झालं, आणि १९४७ मध्ये मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चने त्यांना संत घोषित केलं. २६ ऑक्टोबरला ध्वज चढतो, १ आणि २ नोव्हेंबरला पायी आलेले जथे पोचतात.

[दृश्य: आरन्मुळा, भरलेली नदी, पळ्ळियोडम]

आणि ही पावसाळ्यातली पंपा. आरन्मुळाच्या पार्थसारथी देवळाच्या उत्तर दारातून ५७ पायऱ्या उतरल्या की नदी. समोरून येतेय ती पळ्ळियोडम. मल्याळममध्ये पळ्ळी म्हणजे चर्चसुद्धा, पण इथे तो आदराचा उपसर्ग आहे. ओडम म्हणजे होडी. नाग फणा काढून उभा असावा तसं मागचं टोक उंच, लाकूड रानफणसाच्या जातीच्या आंजिलीचं, आत वल्हवणारे आणि गाणारे मिळून शंभराच्या आसपास. सगळे अनवाणी. इडक्कुळमपासून चेन्नित्तलापर्यंतच्या काठावरच्या गावांची अशी ५० च्या वर पळ्ळियोडम आहेत. त्यांत मारामनचीही आहे आणि कोळंचेरीचीही.

नवस बोललेलं कुटुंब होडीला जेवण घालतं. ही वळ्ळसद्या. होडी काठाला लागते, वल्हेकरी गात देवळाला प्रदक्षिणा घालतात आणि पंगतीला बसतात. केळीच्या पानावर साठाच्या वर पदार्थ. पान वाढून झालं तरी जेवण सुरू झालं असं नाही: वल्हेकरी पदार्थाचं नाव ओवीत गुंफून मागतात, आणि मागितलेलं नाही म्हणायचं नसतं. म्हणून वाढपी पाठ करून आलेले असतात. कोणत्या ओवीला काय घेऊन धावायचं, त्याचीच खरी परीक्षा.

चिंगम या मल्याळी महिन्यात (ऑगस्ट-सप्टेंबर) उत्तराभाद्रपदा नक्षत्राला होड्यांची शर्यत. इतकी लांब होडी वळवायची तर पाणी खोल हवं. पाऊस ओढ देतो तेव्हा ती वाळूवर टेकते आणि माणसांना उतरून ढकलावी लागते. अशा वर्षी वर मणियारच्या बंधाऱ्यातून पाणी सोडायची विनंती जाते. फेब्रुवारीत त्याच बंधाऱ्याला उलटी विनंती जाते, सोडू नका म्हणून, कारण रात्रीत वीतभर पाणी चढलं तरी मांडवाच्या कडेचे खांब सैल होतात.

[दृश्य: पंगत, गाणारा वल्हेकरी, पानावर पडणारं गुळाचं पायसम]

मागितलेलं आलं.