शेतातला रविवारचा बाजार आणि कौन्सिलची परवानगी

इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात रविवारी पहाटे, अजून नीट उजाडलेलंही नसतं, तेव्हा गावाबाहेरच्या एखाद्या शेताच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागलेली दिसते. आत गेलं की जो तो आपल्या जागेवर गाडी लावतो, डिकी उघडतो, पुढ्यात घडीचं टेबल मांडतो (वॉलपेपरला खळ लावायला वापरतात ना, तेच लांबडं हलकं टेबल) आणि घरात नको झालेलं सगळं त्यावर येतं, पोरांना लहान झालेले बूट, कपबशा, जुने कॅमेरे, आजीच्या माळा. सामान पुरतं बाहेर निघायच्या आधीच टॉर्च घेतलेले डीलर डिकीत डोकावून विचारायला लागतात, दागिने आहेत का, घड्याळं आहेत का.

हा कार बूट सेल, ब्रिटनमध्ये गाडीच्या डिकीला 'बूट' म्हणतात. पुण्याच्या जुन्या बाजारात फिरलेला माणूस इथं दोन मिनिटांत रुळेल. सत्तरच्या दशकात स्टॉकपोर्टच्या फादर हॅरी क्लार्क या धर्मगुरूंनी कॅनडात अशी विक्री बघितली आणि निधी जमवायला ती ब्रिटनमध्ये सुरू केली असं सांगतात. आणि लोक एवढ्या पहाटे का येतात ते कळायला एक अंगठी पुरे. ऐंशीच्या दशकात लंडनच्या पश्चिमेला, वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलच्या आवारात लागलेल्या सेलमध्ये एका बाईंनी १० पौंडांना खड्याची अंगठी घेतली, खोटी समजून वर्षानुवर्षं रोज घातली, आणि तो निघाला २६.२७ कॅरटचा खरा हिरा, २०१७ मध्ये सदबीजच्या लिलावात ६,५६,७५० पौंडांना गेला.

मग कुणीही उठावं, शेताचं फाटक उघडावं आणि बाजार भरवावा, असं चालतं का? नाही चालत, आणि यातच लोकांची गडबड होते, कारण सगळे म्हणतात "कौन्सिलचं लायसन्स" (कौन्सिल म्हणजे तिथली स्थानिक नगरपालिका) पण त्या एका शब्दाखाली तीन वेगळे कायदे आहेत.

पहिला १९८२ चा, लोकल गव्हर्नमेंट (मिसलेनियस प्रोव्हिजन्स) ॲक्ट, कलम ३७. इमारतीत नाही, रस्त्यावर नाही, अशा मोकळ्या जागेत ५ किंवा जास्त स्टॉल, गाड्या किंवा जागा मांडून विक्री होणार असेल तर तो तात्पुरता बाजार. ज्या कौन्सिलने ठराव करून हे कलम लागू केलंय तिथं किमान एक महिना आधी नोटीस द्यायची, त्यात भरवणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता, दिवस, सुरू-बंद व्हायच्या वेळा, जागा, आणि जागा दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर त्याचंही नाव-पत्ता. नोटीस दिली नाही तर दंड २,५०० पौंडांपर्यंत, आणि शेत वापरायला देणाराही यातून सुटत नाही. मात्र पैसा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक, खेळाच्या किंवा राजकीय कामाला जाणार असेल तर नोटीस लागत नाही.

हे कलम मला मनापासून पटतं. चोरीची सायकल, बनावट परफ्यूम, करंट मारणारी इस्त्री असल्या बाजारात येऊ शकते, तेव्हा हा बाजार भरवला कुणी आणि कुणाच्या जमिनीवर, एवढं तरी कुठंतरी लिहिलेलं हवंच ना. इंग्लंडमध्ये एक जुना नियमच होता की रीतसर भरणाऱ्या जुन्या बाजारात दिवसाउजेडी, प्रामाणिकपणे वस्तू घेतली तर ती चोरीची निघाली तरी घेणाऱ्याचीच! तो नियम जानेवारी १९९५ मध्ये रद्द झाला. आता मूळ मालक आला की वस्तू सोडावी लागते, मग आपले पैसे मागायचे कुणाकडे?

दुसरी गोष्ट बाजाराचा हक्क, आणि ही मात्र मला अजिबात पटत नाही. मध्ययुगात राजे सनदा द्यायचे की अमक्या गावाने अमक्या वारी बाजार भरवावा, आणि ६ पूर्णांक दोन तृतीयांश मैलांच्या आत, म्हणजे साधारण पावणेअकरा किलोमीटर, दुसऱ्याने त्याच्यासमोर बाजार मांडू नये. हिशोब असा, माणूस दिवसात २० मैल चालतो, त्याचे तीन भाग, एक जायला, एक खरेदी-विक्रीला, एक परतायला. आज लोक गाडीने येतात तरी हे अंतर कायद्यात जिवंत आहे, बरेच हक्क आता कौन्सिलांकडे आहेत, आणि त्या जोरावर कौन्सिल कार बूट सेलवाल्याकडून लायसन्सची फी घेते, नाही ऐकलं तर कोर्टातून मनाई आणू शकते. गावचा बाजार जोरात चालू असेल, भाजीवाला, मासेवाला त्यावर पोट भरत असेल, तर त्याला संरक्षण द्या की, पण जुने बूट विकणारं कुटुंब त्याचं कुठलं गिऱ्हाईक पळवतंय?

तिसरं प्लॅनिंग, म्हणजे जमीन कशासाठी वापरायची याची परवानगी. इंग्लंडमध्ये मोकळी जमीन वेगळी परवानगी न घेता वर्षात २८ दिवस तात्पुरत्या कामाला वापरता येते, पण त्यातले बाजारासाठी फक्त १४. म्हणजे दर रविवारी सेल लावला तर साधारण तीन महिन्यांत दिवस संपले, पुढे रीतसर प्लॅनिंग परमिशन. रहदारी, चिखल, शेजाऱ्यांची झोप हे सगळं तिथं निघतं. स्कॉटलंडचा कायदा वेगळाच, तिथं खाजगी बाजार चालवणाऱ्याला खरोखरचं मार्केट ऑपरेटर लायसन्स लागतं.

इंग्लंडमधल्या आपल्या मराठी मंडळांनी मैदानात दिवाळीचे स्टॉल लावायचे ठरवले तरी हेच नियम आहेत. धर्मादाय कामासाठी असेल तर नोटिशीतून सुटका, पण म्हणून बाजार-हक्काचा प्रश्न आपोआप सुटत नाही, तेव्हा हॉलच्या बुकिंगच्या सवयीने चार दिवस आधी फोन करू नका. दोनेक महिने आधी कौन्सिलला मेल टाका, आणि कलम ३७ इथं लागू आहे का, बाजार-हक्क कुणाकडे आहे आणि या जागेचे १४ पैकी किती दिवस उरलेत, हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा.