रुफिजीच्या चिखलातून निघालेल्या तोफा

[मोम्बासा, केनिया. फोर्ट जीझस, सकाळचं ऊन. दोन तोफा.]

या दोन तोफा पहिल्या महायुद्धात एकमेकींच्या वैरी. एक जर्मन युद्धनौका कोनिग्सबर्गची, दुसरी ब्रिटिश पेगॅससची. आज दोघी एकाच किल्ल्यात आहेत. किल्ला पोर्तुगीजांनी १५९३ मध्ये बांधायला घेतला. आराखडा जोव्हानी बातिस्ता कैरातीचा. गोव्याहून चालणाऱ्या पोर्तुगीज राजवटीचा तो मुख्य वास्तुविशारद. वसई-रेवदंडा पाहिलेल्यांना हे बुरूज परके वाटणार नाहीत.

[झांझिबारचं बंदर.]

२० सप्टेंबर १९१४ची पहाट. पेगॅसस इथे दुरुस्तीसाठी नांगर टाकून उभी होती. कोनिग्सबर्गने लांबूनच मारा सुरू केला. पेगॅससचे गोळे तिथवर पोचतच नव्हते. ती बुडाली, पण तिच्या तोफा नंतर वर काढता आल्या.

[रुफिजीचं मुख. होडीतून खारफुटी.]

कोनिग्सबर्गचं इंजिन बिघडलं आणि ती रुफिजी नदीच्या या फाट्यांमध्ये शिरून लपली. आजच्या टांझानियातला हा मुलूख तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होता. बाहेर ब्रिटिश आरमाराचा पहारा. मोठ्या जहाजांना इथे पाणी पुरत नव्हतं. अखेर सेव्हर्न आणि मर्सी ही दोन उथळ बुडाची जहाजं आत आली. ११ जुलै १९१५ला कप्तान लोफने स्वतःची नौका स्वतःच बुडवली.

जहाज संपलं. तोफा संपल्या नव्हत्या.

[चिखलात रुतणारे पाय. दोरखंड.]

दहा तोफा. नळीचं तोंड साडेदहा सेंटिमीटरचं, लांबी चार मीटरच्या वर. याच चिखलातून जर्मनांनी त्या बाहेर काढल्या आणि शेकडो माणसांनी ओढत दार-ए-सलामला नेल्या.

[जुनी छायाचित्रं. चाकं, लोखंडी गाडे.]

काम खरं पुढेच होतं. जहाजावरची तोफ डेकला बोल्टांनी घट्ट आवळलेली असते. बार उडाला की तिचा धक्का सगळं जहाज सोसतं. तीच तोफ नुसती चाकांवर ठेवून उडवली, तर गाड्यासकट मागे धावत सुटेल. म्हणून दार-ए-सलामच्या रेल्वे कारखान्यात तिच्यासाठी नवे भक्कम गाडे घडवले. काही तोफा चाकांवर गेल्या, काही बंदरांच्या रक्षणाला बसवल्या. एक तर टांगानिका सरोवरात ग्योत्सेन जहाजावर चढली, पुन्हा पाण्यावर. ते जहाज पुढे लिएम्बा नावाने अनेक वर्षं सरोवरात उतारू नेत राहिलं.

[गवताळ माळ. डोक्यावर ओझं घेऊन चाललेली माणसं.]

या मुलखात त्से-त्से माशी बैल-घोडे जगू देत नाही. मग ओढायला कोण? माणसं. एक गोळा दारूच्या पुंगळीसकट साधारण २५ किलोचा. म्हणजे एका हमालाचं एक ओझं. तोफेने दहा बार काढले, त्यामागे दहा माणसांची कित्येक दिवसांची पायपीट. तोफेचा पल्ला सगळे सांगतात. हा हिशेबही सांगायला हवा.

[तोफेच्या नळीवरून फिरणारा एका मुलाचा हात.]

इकडे ब्रिटिशांनी पेगॅससच्या तोफाही चाकांवर चढवल्या. सैनिक त्यांना 'पेगी' म्हणत. १९१६ मध्ये कोंडोआ इरांगीला, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, या तोफा पुन्हा समोरासमोर आल्या.

नोव्हेंबर १९१७ मध्ये जर्मन सेनापती लेट्टो-फोरबेक रोवुमा नदी ओलांडून पोर्तुगीजांच्या मोझांबिकमध्ये गेला, तेव्हा त्याच्याकडे कोनिग्सबर्गची एकही तोफ उरली नव्हती. काही शत्रूच्या हाती लागल्या, काही जर्मनांनीच स्फोटाने फोडल्या. एक आज प्रिटोरियाला युनियन बिल्डिंग्जसमोर आहे.

ब्रिटिशांच्या बाजूने ओझी वाहणारे मेले लाखाच्या आसपास. बहुतेक रोगाने आणि उपासमारीने.

[दार-ए-सलाम. बाजार. टोमॅटोचे ढीग, पाठीवर पोतं घेतलेला हमाल.]

हा करियाकू बाजार. इंग्रजांच्या 'कॅरिअर कोअर'चा, म्हणजे हमालांच्या पलटणीचा तळ इथे होता. लोकांच्या तोंडी त्याचंच करियाकू झालं.

[हमाल गर्दीत शिरतो. निवेदन नाही. बाजाराचा आवाज.]