न पाहिलेल्या मुंबईचा इन्स्पेक्टर

श्रोतेहो, नमस्कार.

गणेश घोटे. मुंबई सीआयडीत इन्स्पेक्टर. अंगानं किडकिडीत, स्वभावानं भिडस्त. साहेबांचा आवाज चढला की याच्या पोटात गोळा येतो, पण हातात घेतलेली केस काही केल्या सोडत नाही. आपल्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहत असावा असा हा गृहस्थ आपल्या कादंबऱ्यांत जन्माला घातला एका इंग्रजानं. आणि तेव्हा त्या इंग्रजानं मुंबई पाहिलीसुद्धा नव्हती!

एच. आर. एफ. कीटिंग हे त्यांचं नाव. जन्म १९२६चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सेंट लिओनार्ड्सचा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण, मग वर्तमानपत्रांत उपसंपादकाची नोकरी. १९५३ साली शीला मिचेल या अभिनेत्रीशी लग्न झालं. रहस्यकथा लिहून बघा, असा आग्रह तिनंच धरला. पहिली कादंबरी १९५९मध्ये आली. पुढच्याही आल्या, पण अमेरिकेतले प्रकाशक त्यांना हात लावेनात. म्हणे, फारच ब्रिटिश आहेत!

मग कीटिंगनी ॲटलास उघडला आणि मुंबईवर बोट ठेवलं. हिशेब सरळ होता, परका मुलुख असला की अमेरिकेत पुस्तक खपेल. नायकाचं नाव आधी ठेवलं होतं घोष. हे आडनाव बंगाली आहे, असं कुणीतरी वेळेवर सांगितलं, म्हणून अक्षरं थोडी इकडेतिकडे करून घोष यांचे घोटे झाले. बायकोचं बंगाली नाव मात्र प्रोतिमाच राहिलं! पुढे १९९९च्या एका कादंबरीत या प्रोतिमाबाईंना कलकत्त्यात वारशानं घर मिळतं आणि नवराबायको तिकडे जातात. पस्तीस वर्षांपूर्वीचा घोळ लेखकानं असा कथेतच जिरवून टाकला. मला तर ही त्यांची सगळ्यात लबाड युक्ती वाटते.

घोटेंची पहिली कादंबरी 'द परफेक्ट मर्डर', १९६४ची. यातली गंमत अशी की परफेक्ट हे एका पारशी चिटणिसाचं आडनाव आहे, आणि ज्याच्या खुनाचा बोभाटा होतो तो परफेक्ट मेलेलाच नसतो, बेशुद्ध पडलेला असतो. त्यातच मंत्र्यांच्या कचेरीतून एक रुपयाची नोट चोरीला जाते. एकच रुपया! पण मंत्र्यांचा रुपया म्हटल्यावर तपास तर व्हायलाच हवा. शिवाय युनेस्कोचा एक धिप्पाड स्वीडिश तज्ज्ञ घोटेंच्या गळ्यात बांधलेला. या पुस्तकाला ब्रिटिश रहस्यकथाकारांच्या संघटनेचा गोल्ड डॅगर हा पुरस्कार मिळाला, आणि अमेरिकेचं दारही उघडलं.

कीटिंग पुस्तकं वाचून, वर्तमानपत्रं चाळून, सिनेमे बघून मुंबई रचत राहिले. अशी दहा वर्षं गेली. हा लेखक मुंबईत कधी आलेलाच नाही, हे एअर इंडियाच्या कानावर गेलं आणि त्यांनी फुकट विमानप्रवास देऊ केला. १९७४ साली कीटिंग प्रथम मुंबईत उतरले. तोवर घोटेंच्या कितीतरी केसेस निकाली निघाल्या होत्या.

आता चुका काढायच्या तर काढता येतात. घोटेंच्या तोंडी घातलेलं ते 'आय ॲम नॉट लायकिंग' छापाचं इंग्रजी आपल्याला खटकतं. मराठी माणूस मनातल्या मनात असा बोलत नाही, हो! पण घोटेंची धाकधूक मात्र अस्सल आहे. मला वाटतं, ती लेखकाची स्वतःचीच असावी. न पाहिलेल्या शहरात पाऊल टाकताना 'आपलं चुकेल का' ही जी भीती कीटिंगना वाटत असणार, तीच त्यांनी घोटेंच्या खांद्यावर ठेवली.

ही भीती किती खोल जाते ते 'अंडर अ मॉन्सून क्लाउड'मध्ये दिसतं. ही १९८६ची कादंबरी. घोटेंचं दैवत असलेले अधिकारी, 'टायगर' केळकर, रागाच्या भरात दौत फेकून मारतात आणि हाताखालचा एक गलथान पोलीस जागीच मरतो. बाहेर धो धो पाऊस. प्रेत तळ्यात टाकून बुडाल्याचा देखावा करायला घोटे मदत करतात. पुढे चौकशी लागते. खरं बोललं तर नोकरी जाणार, आणि ही नोकरी हेच तर त्यांचं आयुष्य. इथे खुनी कोण हे पहिल्यापासून ठाऊक असतं, तरी पुस्तक खाली ठेवत नाही आपण.

१९८८मध्ये 'परफेक्ट मर्डर'वर सिनेमा निघाला. दिग्दर्शक झफर हाय, इस्माईल मर्चंट यांची निर्मिती. घोटे झाले नसीरुद्दीन शाह, आणि सौ. घोटे त्यांच्या खऱ्या सौभाग्यवती रत्ना पाठक शाह.

तिकडे इंग्लंडात कीटिंग यांचा दबदबा मोठा. 'द टाइम्स'मध्ये पंधरा वर्षं त्यांनी रहस्यकथांची परीक्षणं लिहिली. चेस्टरटन, अगाथा ख्रिस्ती यांनी भूषवलेलं डिटेक्शन क्लब या रहस्यकथाकारांच्या मंडळाचं अध्यक्षपद १९८५पासून पंधरा वर्षं त्यांच्याकडे होतं.

२००० साली त्यांनी घोटेंना निरोप दिला. पण करमेना बहुतेक. २००८मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, ते पुन्हा घोटेंकडे वळले. त्यांना त्यांनी थेट तरुणपणात नेलं. नुकतीच बढती मिळालेली, प्रोतिमाला दिवस गेलेले, आणि साहेबांचा हुकूम सुटतो की महाबळेश्वरला जा, तिथे एका इंग्रजाच्या बायकोनं जीव दिलाय, का दिला ते शोधून काढ. २०११च्या मार्चमध्ये कीटिंग गेले. घोटेंची ही पहिली केस त्यांनी जवळजवळ सगळ्यात शेवटी लिहिली होती.

नमस्कार.